एक तास बसून दाखवा

आमच्या साडूंइतका निवांत बसायला आसुसलेला आणि निवांत बसायला संपूर्ण नालायक असा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण ह्या माणसाने निवृत्त होण्यासाठी जेवढी धावपळ केली तेवढी लोक नोकरी मिळवण्यासाठीसुद्धा करत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरावलीला राहतात. तारापूरकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्यात आग लागली नाही, कोणी शिडीवरून पडलं नाही, कुठे काही गळलं नाही, की ह्यांचा दिवस सत्कारणी लागायचा. काहीही घडू नये म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत पळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि लग्न केल्याच्या दिवसापासून तो माझ्या नशिबी आहे.

अगदी लग्नाच्या दिवसापासून. ताईचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं लग्न आमच्या दोन वर्षं आधी झालेलं, त्यामुळे आमच्या लग्नात हे मोठे जावई म्हणून मिरवत होते. मिरवत म्हणजे मांडवाच्या वायरी तपासत. मी बोहल्यावर बसलो तेव्हा माझ्या डाव्या हाताला नवरी, समोर होम आणि उजव्या हाताला वाळूने भरलेली लाल बादली, अशी मांडणी होती. भटजींनी तुपाची आहुती जरा सढळ हाताने टाकली की साडू बादलीच्या कडीला हात घालायचे. शेवटी भटजी वैतागून म्हणाले, "अहो, पेटायलाच पाहिजे तो." त्यावर ह्यांनी नम्रपणे विचारलं, "किती, ते सांगून ठेवा." आमच्या लग्नाच्या फोटोंत कुठेही बघा, मागे ती बादली आहे. माझी बायको अजून म्हणते की त्या दिवशी सगळ्या मांडवात मनापासून लक्ष दिलं ते भावोजींनीच, तुमचं लक्ष जेवणावर होतं.

बसणं हा प्रकार त्यांच्या शरीराला ठाऊकच नव्हता. चहा उभ्याने. जेवण हप्त्याहप्त्याने, म्हणजे भात कालवला की उठून गॅसचा कॉक बघायचा, आमटी घेतली की मागच्या दाराची कडी. पाहुणे म्हणून कोणाकडे गेले तर यजमान पाणी आणेपर्यंत ह्यांनी घराला बाहेर पडायच्या वाटा किती ते मोजलेलं असायचं. डहाणूच्या समुद्रावर माणसं संध्याकाळी येतात, बंधाऱ्यावर बसतात, शेंगा खातात, सूर्य बुडाला की टरफलं झटकून घरी जातात. साडू मात्र बंधाऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि कोणता दगड हलतोय ते पायाने दाबून बघायचे. हलणाऱ्या दगडावर कोणी जोडपं बसलेलं असेल तर त्याला उठवायचे. जोडप्यांचा भलताच गैरसमज व्हायचा. त्यावरून दोनदा भांडणं झाली, पण त्यांनी दगड सोडले नाहीत.

असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाच्या झेरॉक्स काढ. दोन माझ्या, दोन तुझ्या ताईच्या." डहाणू रोड स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे लोकांच्या आयुष्यातल्या बऱ्याच घडामोडी मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतात. पण ही कळली तेव्हा मी मशीन थांबवलं. साडूंना अजून त्रेपन्न वर्षं पूर्ण व्हायची होती. ताई तलासरीच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका, तिला तर त्याहून जास्त वर्षं शिल्लक. मी विचारलं, "असं अचानक का?" तर ते माझ्या दुकानातली लोंबकळणारी वायर खिळ्याला अडकवत म्हणाले, "अचानक नाही. एक प्रसंग घडला."

प्रसंग असा होता. आदल्या आठवड्यात त्यांना ताप आला आणि कारखान्याने त्यांना जबरदस्तीने घरी पाठवलं. एरवी ते रात्री आठच्या आत कधी घरी पोचायचे नाहीत आणि सुट्टीच्या दिवशीही दुपारनंतर कारखान्यात एक फेरी मारून यायचे, नाहीतर त्यांना अन्न गोड लागत नसे. तर त्या दिवशी ते दिवसभर अंथरुणावर पडून होते. संध्याकाळी ताई शाळेतून आली, उन्हातून आत शिरली, खाटेवर कोणीतरी उठून बसलेलं तिला दिसलं आणि तिने उंबऱ्यातूनच विचारलं, "कोण पाहिजे?"

"अरे, मला विचारलं तिने. माझ्याच घरात." साडू सांगत होते. "मी म्हटलं, मी आहे. तर म्हणाली, होय की, मला वाटलं कोण. आणि आत जाऊन चूल पेटवायला लागली. तिला त्यात काहीच वाटलं नाही. सव्वीस वर्षांत संध्याकाळच्या उजेडात तिने मला घरात पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार कशी?" मग मशीनमधून झेरॉक्स बाहेर येत होत्या त्या एकावर एक नीट लावत राहिले. "आम्ही एका घरात राहतो रे, पण शेजाऱ्यासारखे. ती सकाळी सहाला तलासरीकडे, मी सातला बोईसरकडे कारखान्यात. आता पुरे. हातपाय चालतायत तोवर दोघांनी एकाच तारखेला घरी बसायचं. एकाच तारखेला, लक्षात ठेव. एक आधी आणि एक नंतर असं नको, नाहीतर पुन्हा तेच."

मला हसू येत होतं आणि गलबलूनही आलं होतं. मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही अर्ज त्यांनी एका पाकिटात घातले आणि तारखेच्या जागी पेन्सिलीने तारीख लिहिली. पेन्सिलीने अशासाठी, की आराखडा अजून तयार व्हायचा होता.

आराखडा हा शब्द त्यानंतर आमच्या घराण्यात इतक्यांदा उच्चारला गेला की माझी बायको तो ऐकला की उठून आत जायची. 'निवृत्ती : पूर्वतयारी' अशी जाड फाईल झाली. वाडीतल्या चिकूच्या चौदा झाडांना पिवळ्या रंगाने नंबर पडले. ओट्यावर बसायला दोन वेताच्या खुर्च्या आल्या आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं गेलं, कारण त्या निवृत्तीच्या खुर्च्या होत्या, नोकरीत असताना त्यांवर बसून त्या झिजवणं त्यांना मंजूर नव्हतं. पाहुणे ओट्याच्या पायरीवर बसत आणि खुर्च्या त्यांच्याकडे बघत. स्वयंपाकघरात भिंतीवर वेळापत्रक लागलं. त्यात 'सकाळी सहा दहा ते सात : दोघांनी शांत बसणे' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे कंसात 'जबाबदारी : दोघे' असं लिहिलं होतं. ताईने ते वाचलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ह्याच्यात भाकऱ्या कधी करायच्या ते राहिलंय."

कारखान्यात जसा वर्षातून चारदा आगीचा सराव होतो, भोंगा वाजतो, सगळे कामगार आग नसताना आग लागल्यासारखे मैदानात पळतात, तसा निवृत्तीचाही सराव करायचा असं साडूंच्या मनाने घेतलं. एका रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं की आतापासून संध्याकाळी पाचपर्यंत आपण दोघं निवृत्त आहोत. ताई म्हणाली, असू, आणि आठवड्याचे कपडे भिजवायला गेली. साडू वही घेऊन मागे. 'सात चाळीस : सौ. विहिरीवर. सात पंचावन्न : सौ. अजून विहिरीवर. निवृत्त असल्याचे भान दिसत नाही.' मग धाकट्या डहाणूची मासेवाली मावशी टोपली घेऊन फाटकात आली. गेली कित्येक वर्षं ती दर रविवारी येत होती, पण साडूंना तिने ओट्यावर रिकामटेकडं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. तिने टोपली खाली ठेवली आणि काळजीने विचारलं, "काय ओ भाऊ, आज घरी? कामावर गेलाव नाय?" साडू अभिमानाने म्हणाले, "आज मी निवृत्त आहे."

मावशी पुढे दहा घरं फिरली. अकरा वाजेपर्यंत सरावलीत पसरलं की ह्यांची नोकरी गेली. दुपारी माणसं यायला लागली. कोणी चपला हळूच काढून पायरीवर टेकत होतं, कोणी नुसतंच "चालायचंच" म्हणत होतं. पलीकडच्या वाडीचे गुजराती काका चिकूंची पाटी घेऊन आले. साडूंच्या घरात चिकू ठेवायला जागा नसते, पण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये ही त्यांची रीत. ते साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, टेन्शन नका घेऊ. आपली वाडी छे ने. उद्यापासून येऊन बसा." साडूंनी प्रत्येकाला सराव म्हणजे काय ते समजावून सांगितलं, कारखान्यातल्या भोंग्याचं उदाहरण दिलं, आणि प्रत्येकाने मान डोलावून ताईकडे बघितलं, की धक्का डोक्यात गेला वाटतं. चार वाजता ताईने अठ्ठाविसावा चहा केला आणि सराव संपल्याचं स्वतःच जाहीर केलं.

त्या रात्री ती फोनवर माझ्या बायकोशी बोलली ती हसत हसत, पण दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला जे सांगितलं ते हसून नव्हे. पाकीट तिच्यापुढे आलं होतं, साडूंनी आपल्या अर्जावर सही ठोकली होती, पेन पुढे केलं होतं. ती म्हणाली, "मी सही करीन. पण आधी तुम्ही एक तास बसून दाखवा. माझ्या शेजारी. उठायचं नाही, काही मोजायचं नाही, वहीत लिहायचं नाही. तुम्हाला बसताच येत नसेल तर मी नोकरी सोडून तुमच्या मागे मागे फिरायचं का? त्यापेक्षा माझ्या शाळेतली पोरं बरी. सांगितलं की बसतात तरी."

हे साडूंना लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या त्याच्यावर परीक्षा द्यायची वेळ आली, आणि पर्यवेक्षक म्हणून मला नेमण्यात आलं. दर रविवारी दुपारी दुकान बायकोवर सोपवून मी स्कूटरने सरावलीला जायचो. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक एकदाचं निघालं. पहिल्या रविवारी चार मिनिटं झाली आणि साडूंना गॅसचा वास आला. वास शेजारच्या लसणीच्या फोडणीचा होता. दुसऱ्या वेळी अकरा मिनिटं झाली होती, तेवढ्यात समोरच्या वाडीत एक गडी दोर न बांधता नारळावर चढताना दिसला आणि साडू फाटक न उघडताच त्यावरून पलीकडे गेले. तिसऱ्या वेळी ते बसून राहिले, पण उजवा पाय फरशीवर ठराविक अंतराने आपटत होता आणि ओठ हलत होते. ताईने शांतपणे विचारलं, "किती झाल्या?" ते म्हणाले, "एकशे सहा." रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या. परीक्षा रद्द.

मधल्या दिवसांत ते सरावासाठी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. कामावर जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. माझी गिऱ्हाइकं तुटायची वेळ आली. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाकडे हे असे टक लावून बघायचे की तो कागद घेऊन परत जायचा. मी चिडलो की म्हणायचे, "तुला काय, तू दिवसभर बसतोस. तुझ्या अंगातच आहे ते." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एकदा, दुकानात कोणी नसताना, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही दोघं दिवसभर दुकानात असता. बोलता काय रे?" मी म्हटलं, काही नाही, काय बोलणार. ते म्हणाले, "काही नाही म्हणजे नक्की काय?" आणि खरंच उत्तराची वाट बघत राहिले. त्यांना ती भीती होती. एक तास बसणं जमलं, आणि शेजारी बसलेल्या बाईशी बोलायला काही निघालंच नाही, तर?

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. दुपारचे चार. चिकूची तोड चालू होती, वाडीत पाट्या भरून ठेवल्या होत्या. दोघं खुर्च्यांवर बसले, मी पायरीवर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साडूंच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात धरून ठेवले होते. त्यांची ती दशा ताईला बघवली नसावी. ती आपणहून बोलायला लागली. काय बोलावं म्हणून शाळेबद्दलच बोलली.

ती म्हणाली, ह्या वर्षी पहिलीत एकोणीस पोरं आलीत. जूनमध्ये येतात तेव्हा नुसती बघत बसतात. घरात वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. आपण 'बस' म्हटलं तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून पहिले दोन महिने मी पुस्तक उघडतच नाही. त्यांच्याच बोलीत गोष्टी सांगते, मग एकेक शब्द मराठीचा सोडते, मिठासारखा.

"मग?" साडू म्हणाले.

मी मान वर करून बघितलं. त्यांचे हात खुर्चीवरून सुटले होते. ताई सांगत गेली. एक मुलगी दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती आणि परवा अचानक फळ्याकडे बोट दाखवून 'घर' असं वाचलं, आणि तिचं बघून बाकीची पोरं टाळ्या पिटायला लागली. साडू म्हणाले, मग? तिने सांगितलं की शाळेत दोनच शिक्षक, दुसऱ्या गुरुजींची बदली होऊ घातलीय, नवा कोणी येईल त्याला ही बोली येईलच असं नाही. साडू म्हणाले, मग? दूर कुठेतरी गॅसची टाकी आपटल्याचा आवाज आला. मी साडूंकडे बघितलं. त्यांना तो ऐकू आला नव्हता.

पाच वाजायला आले. माझ्या मोबाईलवर गजर लावला होता तो मी वाजायच्या आत बंद केला. ताई बोलता बोलता थांबली. तिने मांडीवरचं पाकीट उघडलं, आपला अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "नाही हो. मला नाही होत सही. तुम्ही तास बसलात, मी शब्द दिला होता, सगळं खरं. पण हे बोलत गेले तेव्हा माझं मलाच कळलं. ही पोरं तिसरीत गेली की आपली आपण वाचायला लागतात. तेवढी दोन वर्षं द्या मला."

मला वाटलं, आता हे उठणार. विहिरीवर जातील, फाटक तपासतील, मला स्कूटरच्या ब्रेकबद्दल बोलतील. दोन वर्षांचा आराखडा, चौदा झाडं, एकच तारीख, सगळं एका वाक्यात गेलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. पण साडू बसूनच राहिले. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. ऊन ओट्यावरून उतरलं. मग त्यांनी तिच्या हातातून अर्ज घेतला, पेन्सिलीची तारीख बोटाने पुसली आणि म्हणाले, "तुझा राहू दे फाईलला. माझा मी देतो."

ते चैत्रात निवृत्त झाले, एकटे. ज्याची धास्ती होती तेच झालं, एक आधी आणि एक नंतर. मी मनाशी म्हटलं, आता हा माणूस सरावलीत एकटा काय करणार, सगळ्या गावाच्या वायरी बदलेल. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच सोमवारी सकाळी सहाला हेही डबा घेऊन ताईबरोबर निघाले. म्हणाले, शाळेचं दार लागत नाही, बघून येतो. मग खिडक्या होत्या, मग पाण्याची टाकी, मग पावसाळ्यात पत्रा. पंधरा दिवसांत शाळेत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तरी ते जातच राहिले.

परवा ताईने पोरांच्या अक्षरसरावाच्या कागदांच्या झेरॉक्स मागवल्या होत्या, त्या द्यायला मी स्वतः गेलो. तलासरीच्या पुढे एवढ्या आत मी कधी गेलो नव्हतो. पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र भरला होता. ताई फळ्यापाशी उभी राहून काहीतरी सांगत होती, त्यातले निम्मे शब्द मला कळत नव्हते, आणि पोरं माना पुढे काढून ऐकत होती. शेवटच्या रांगेत, भिंतीशी, सतरंजीवर मांडी घालून आमचे साडू बसले होते. मी खुणेनेच म्हटलं, चला बाहेर. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. मी दारातच उभा राहिलो. गोष्ट संपेपर्यंत ते हलले नाहीत.

गोष्ट संपल्यावर ते उठून माझ्याजवळ आले. डोळे ओले होते, आणि ते पुसायची त्यांना काही घाई नव्हती. मला म्हणाले, "ही शिकवताना अशी बोलते, हे मला माहीतच नव्हतं रे. घरी कधी हा आवाज ऐकला नाही मी."

मी कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले, मोजले नाहीत, आणि आत वळता वळता म्हणाले, "दोन वर्षं म्हणाली होती ना ही? त्यातलं एक आता सरत आलं." तारखांसाठी उतावीळ झालेला तो माणूस हे अशा सुरात बोलला, जणू ते दिवस जरा हळू गेले तर बरं होईल. मग ते परत जाऊन आपल्या जागेवर बसले.